कंट्रोल सुटत नाही? ऑनलाइन थेरपिस्ट शोधताना कोणती पायरी आधी, कोणती नंतर

‘सगळं माझ्याच पद्धतीनं झालं पाहिजे’ या स्वभावावर मदत घ्यायची असं ठरलं की लोक दोनपैकी एक चूक हमखास करतात. पहिली घाईची. रात्री साडेअकराला भांडण होतं, फोन हातात येतो आणि जी जाहिरात सगळ्यात वर दिसली तिथे पैसे भरून मोकळं होतात. दुसरी चूक या स्वभावाच्या माणसांची खास आहे. ते पंचवीस प्रोफाइल गोळा करतात, त्यांची एक्सेल शीट करतात, पदवी, फी, अनुभव, रिव्ह्यू असे रकाने भरत बसतात, आणि दोन महिने उलटले तरी एकालाही मेसेज गेलेला नसतो. ज्या सवयीवर उपचार घ्यायचे तीच सवय उपचार शोधायचं काम ताब्यात घेते.

खालचा क्रम ही दुसरी चूक डोळ्यासमोर ठेवून लावला आहे. बहुतेक जण थेट पदव्या तपासायला बसतात. ती इथे चौथी पायरी आहे, आणि तिच्याआधीच्या तीन गाळल्या तर तिचा फारसा उपयोग होत नाही.

१. आधी ठरवा: कोण कोणाला धरून ठेवतंय?

‘कंट्रोल इश्यूज’ या एका नावाखाली चार वेगळे प्रश्न येतात आणि चारही ठिकाणी जाणारा रस्ता वेगळा असतो.

पहिला: काम दुसऱ्यावर सोपवता येत नाही. नवऱ्यानं मुलाचा डबा भरला तरी तो पुन्हा उघडून पोळ्यांची घडी बदलायची. ऑफिसात ज्युनिअरनं केलेलं प्रेझेंटेशन रात्री बसून मुळापासून पुन्हा करायचं. मुळाशी बहुतेक वेळा चिंता असते. बिघडलं तर काय, आणि बिघडल्यावर बोलणी मला बसली तर काय? या प्रश्नासाठी ऑनलाइन थेरपी चांगली चालते.

दुसरा: घरच्या माणसांवर पकड. बायकोचा फोन तपासणं, लोकेशन मागत राहणं, वीस वर्षांच्या मुलीनं कुणाशी बोलायचं ते ठरवणं, घरखर्चाचा रुपयान् रुपया विचारणं. इथे मदत मागणाऱ्यानं एक प्रश्न स्वतःला सरळ विचारावा: घरातलं कुणी मला घाबरतं का? उत्तर ‘हो’ असेल तर पहिल्याच मेसेजमध्ये ते लिहा. थेरपिस्टची निवड त्यावर ठरते.

तिसरा: एखादी कृती ठरावीक पद्धतीनं किंवा ठरावीक वेळा झाली नाही तर जीव घाबरा होतो. कुलूप, गॅस, हात धुणं, वस्तू सरळ रेषेत लावणं. हा स्वभाव नसून ओसीडी, म्हणजे नको ते विचार आणि त्याच त्याच कृती पुन्हापुन्हा करायला लावणारा मानसिक आजार, असू शकतो. ओसीडीची थेरपी वेगळी आहे आणि काही वेळा औषधही लागतं.

चौथा: कंट्रोल तुम्ही करत नाही, तुमच्यावर केला जातोय.

सावध: चौथ्या प्रकारात जोडीदाराला सोबत घेऊन कपल थेरपीनं सुरुवात करू नका. सत्रात खरं बोललं की त्याचे पडसाद घरी उमटतात. आधी एकट्यानं बोला. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात मारहाणीबरोबर मानसिक आणि आर्थिक छळही धरला आहे, तेव्हा ‘हात तर उचलत नाही’ म्हणून गप्प बसायचं कारण नाही. महिलांसाठी १८१ हा हेल्पलाइन क्रमांक आहे, तातडीच्या वेळी ११२. तुमचा फोन दुसरं कुणी तपासत असेल तर हा सगळा शोध त्या फोनवर करूच नका; मैत्रिणीचा किंवा ऑफिसचा वापरा.

जीव द्यावासा वाटत असेल, किंवा आपल्या हातून कुणाला इजा होईल अशी भीती असेल, तर पुढच्या पायऱ्या नंतर. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येतं.

२. तीन प्रसंग लिहून काढा

हे काम पंधरा मिनिटांचं आहे, आणि नेमकं हेच कुणी करत नाही. लोक थेरपिस्टसमोर बसतात आणि विशेषणं सांगतात: मी परफेक्शनिस्ट आहे, मी फार पझेसिव्ह आहे, माझा स्वभाव कडक आहे. विशेषणांवर काम करता येत नाही, प्रसंगांवर करता येतं.

गेल्या महिन्यातले तीन प्रसंग घ्या. प्रत्येकात चार गोष्टी लिहा: काय घडलं, त्या क्षणी मनात कोणतं वाक्य आलं, मी काय केलं, नंतर त्याची किंमत कोणी मोजली. उदाहरणार्थ:

‘रविवारी सासूबाईंनी भाजी चिरली. फोडी लहानमोठ्या होत्या. मनात आलं, यांना सांगून उपयोग नाही, मलाच करावं लागणार. मी न बोलता त्यांच्यासमोर सगळी भाजी पुन्हा चिरली. त्या जेवायला बसल्या नाहीत. रात्री नवऱ्याशी वाजलं.’

इतकं पुरे. चौथ्या प्रश्नाचं उत्तर लिहिताना हात अडखळेल, पण थेरपिस्टला सर्वात जास्त माहिती त्यातूनच मिळते.

तपासा: लिहिलेलं एका पानात मावतंय ना? तीन पानं झाली असतील, वर मुद्द्यांना क्रमांक देऊन परिशिष्ट जोडलं असेल, तर थांबा. हा खटल्याचा कागद नाही. एक पान ठेवा, बाकी फाडा.

३. शोधाला कुंपण घाला

नाव शोधण्याआधी तीन मर्यादा ठरवा आणि त्या घरातल्या किंवा मित्रांपैकी एकाला सांगून ठेवा.

नावं किती? तीन. शोधायला वेळ किती? एक आठवडा. पहिली चार सत्रं होईपर्यंत नवीन नावं बघायची? नाही.

चौथं नाव चांगलं निघालं तर? निघू दे. सर्वोत्तम थेरपिस्ट हुडकून काढण्याची धडपड हेच तुमच्या प्रश्नाचं लक्षण आहे. नोंदणीकृत, अनुभवी आणि तुमच्या भाषेत बोलणारा माणूस मिळाला की शोध संपला. रिव्ह्यूंना फार भाव देऊ नका. थेरपीत समाधान झालेली माणसं सहसा जाहीरपणे लिहीत नाहीत.

भाषेचा विचार मात्र नीट करा. ऑफिसचा ताण इंग्रजीत सांगता येतो, पण आई लहानपणी काय म्हणायची ते त्याच शब्दांत सांगावं लागतं. ‘तुला काही जमायचं नाही, दे इकडे’ हे वाक्य इंग्रजीत सांगून बघा, अर्धी धार गेलेली असेल. मराठी बोलणारा थेरपिस्ट मिळत असेल तर थोडी जास्त फी पडली तरी तोच घ्या. नावं मिळवायची सुरुवात ओळखीच्या डॉक्टरांपासून करा. ठाण्याची आयपीएच ही मानसिक आरोग्यावर काम करणारी १९९० पासूनची संस्था आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ सेवा फोनवरून आणि लेखी स्वरूपात समुपदेशन देते. मोठ्या कंपन्यांत कर्मचाऱ्यांसाठी काही मोफत सत्रं असतात. एचआरला विचारायला लाज वाटत असेल तर कंपनीच्या अंतर्गत साइटवर ‘ईएपी’ (कर्मचारी सहाय्य योजना) शोधा.

४. पदवी आणि नोंदणी तपासा

आपल्याकडे ‘थेरपिस्ट’, ‘कौन्सेलर’, ‘लाइफ कोच’ ही नावं पाटीवर लावताना कुणी अडवत नाही. दोन दिवसांचा ऑनलाइन कोर्स केलेला माणूसही ती लावतो. म्हणून नावाकडे न बघता नोंदणीकडे बघा.

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट. हे एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर असतात. इथल्या तीन प्रकारांपैकी औषध हेच लिहून देऊ शकतात. नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल किंवा त्या-त्या राज्याच्या कौन्सिलकडे असते. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांमुळे त्यांना ऑनलाइन तपासून औषध देता येतं, पण सगळीच औषधं अशी लिहून देता येत नाहीत.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजीत एम.फिल. किंवा साय.डी. केलेले. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. परिषदेच्या संकेतस्थळावरच्या केंद्रीय नोंदवहीत नाव शोधता येतं.

समुपदेशक बहुधा मानसशास्त्रात किंवा समाजकार्यात एम.ए. असतात. यांच्यात उत्तम माणसं आहेत आणि पहिल्या प्रकारच्या प्रश्नासाठी ती पुरेशी ठरतात. २०२१ च्या कायद्यानं समुपदेशकांसह बऱ्याच आरोग्य-व्यावसायिकांसाठी नोंदणीची चौकट आखली. तरी आजच्या घडीला पदवी कुठल्या विद्यापीठाची, प्रशिक्षण कोणत्या पद्धतीचं आणि वरिष्ठांची देखरेख आहे का, हे तुम्हालाच विचारावं लागतं. चांगला समुपदेशक हे प्रश्न ऐकून चिडत नाही.

सावध: ‘तीन सत्रांत गॅरंटी’, ‘सबकॉन्शस रीप्रोग्रॅम’, पत्रिका बघून थेरपी, किंवा पहिल्या फोनवरच दहा सत्रांचं पॅकेज गळ्यात मारणं. यातलं एकही दिसलं तर नाव खोडा.

५. पद्धतीबद्दल एवढंच माहीत असू द्या

इथे वाहवत जाऊ नका. थेरपीच्या सगळ्या शाखांचा अभ्यास करून मग थेरपिस्टची परीक्षा घेणारे लोक असतात. त्यातून थेरपी होत नाही, वादविवाद स्पर्धा होते.

पहिल्या प्रकारच्या प्रश्नाला सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी पद्धत) किंवा आरईबीटी शिकलेला माणूस चालतो. आरईबीटी ही अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत, आणि कि. मो. फडके यांच्या कामामुळे ती मराठी वाचकांना बऱ्यापैकी परिचित आहे. तिचा रोख थेट आपल्या प्रश्नावर आहे: ‘असं झालं तर बरं’ या इच्छेचं ‘असंच झालं पाहिजे’ या हट्टात रूपांतर होतं आणि त्रास तिथून सुरू होतो. ओसीडी असेल तर ‘ईआरपी’ येते का हे नाव घेऊन विचारा. यात भीती वाटणाऱ्या गोष्टीला टप्प्याटप्प्यानं सामोरं जायचं आणि नंतरची ठरलेली कृती करायची नाही, असा सराव असतो. ओसीडीच्या माणसाला ‘काही होणार नाही, काळजी करू नका’ एवढंच सांगणारा समुपदेशक नकळत आजार वाढवतो.

६. पहिला मेसेज आणि ओळखीचा कॉल

तिघांनाही एकाच दिवशी, एकच मेसेज पाठवा. नमुना:

‘नमस्कार. माझं वय ३८, राहणार पुणे. घरातली आणि ऑफिसातली कामं दुसऱ्यावर सोडता येत नाहीत, त्यावरून घरात सतत वाद होतात. व्हिडिओवर, मराठीतून सत्रं हवी आहेत. संध्याकाळी सातनंतर वेळ असतो. आपण या प्रकारच्या प्रश्नांवर काम करता का? फी आणि सत्राची वेळ कळवावी.’

यापेक्षा जास्त लिहायचं नाही. तीन प्रसंगांचं पान सत्रासाठी ठेवा.

अनेक जण दहा-पंधरा मिनिटांचा ओळखीचा कॉल देतात. त्यात विचारा: अशा प्रश्नावर साधारण कसं काम करता? दोन सत्रांच्या मधे घरी करायला काही देता का? सत्र रद्द केलं तर फी लागते का? मी बोललेलं कोणत्या परिस्थितीत दुसऱ्याला सांगावं लागतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘कधीच नाही’ असं आलं तर ते चुकीचं आहे. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ नं गोपनीयतेचा हक्क दिलाय, पण कुणाच्या जिवाला धोका असेल तर त्याला अपवाद आहे, आणि बालकाच्या लैंगिक अत्याचाराची माहिती कळवणं पॉक्सो या बालकांच्या संरक्षणाच्या कायद्याखाली बंधनकारक आहे. ज्याला हे ठाऊक आहे तो कॉलवरच सांगेल.

पैशाचं गणित आत्ताच करा. सत्राला १५०० रुपये धरले तर आठ सत्रांचे १२,००० होतात. एवढे बाजूला काढता येत नसतील तर कमी फी घेणारी संस्था किंवा सवलतीचा दर विचारा. बरेच थेरपिस्ट काही जागा सवलतीत ठेवतात. आरोग्य विमा असेल तर बाह्यरुग्ण खर्च मिळतो का हे पॉलिसीत बघा. कायद्यानं मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमासंरक्षण द्यायला सांगितलंय, पण ज्या पॉलिसीत ओपीडीच नाही तिथे थेरपीची फी सहसा मिळत नाही.

तपासा: ॲपवरून जाणार असाल तर पैसे दर महिन्याला आपोआप कापले जातात का? प्रश्नावली भरण्याआधी गोपनीयतेचं पान उघडून जाहिरातदारांना माहिती दिली जाते का ते वाचा. अमेरिकेत २०२३ मध्ये बेटरहेल्प या मोठ्या थेरपी कंपनीवर ग्राहकांची माहिती फेसबुक, स्नॅपचॅटसारख्यांना जाहिरातींसाठी दिल्याचा ठपका तिथल्या व्यापार आयोगानं ठेवला आणि कंपनीला ७८ लाख डॉलर मोजावे लागले.

परदेशातल्या मराठी माणसांसाठी एक अडचण वेगळी आहे. अमेरिकेत थेरपिस्टचा परवाना राज्यापुरता असतो आणि तुम्ही ज्या राज्यात बसलेले आहात तिथला तो लागतो. पुण्यातला थेरपिस्ट घ्यायचा विचार असेल तर त्याला हे सरळ विचारा, आणि अडीअडचणीला तिथला स्थानिक डॉक्टर कोण ते आधीच ठरवून ठेवा. ब्रिटनमध्ये ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ हे नाव कायद्यानं राखीव आहे, ‘थेरपिस्ट’ आणि ‘कौन्सेलर’ नाही.

७. जागा आणि स्क्रीनची तयारी

दोन खोल्यांच्या घरात, बाहेर टीव्ही आणि आत सासरे झोपलेले, अशा ठिकाणी ‘शांत खोलीत बसा’ हा सल्ला ऐकायला बरा असतो, एवढंच. पार्किंगमध्ये उभी असलेली गाडी, सुट्टीनंतरची ऑफिसची मीटिंग रूम, मैत्रिणीचं घर, असं काहीतरी ठरवा. चालत्या गाडीत नको आणि ड्रायव्हर असलेल्या गाडीत तर नकोच. इयरफोन हवेतच. घरात कुणी विचारलं तर ‘ऑफिसचा कॉल’ म्हणायचं की खरं सांगायचं, हे सत्राच्या पाच मिनिटं आधी ठरवत बसू नका.

आता या स्वभावासाठी खास तीन गोष्टी.

फक्त चॅटवरची थेरपी घेऊ नका. चॅटमध्ये प्रत्येक वाक्य चार वेळा खोडून नीटनेटकं करून पाठवता येतं आणि थेरपिस्टसमोर तुमची संपादित आवृत्ती जाते. व्हिडिओ नाहीच जमला तर निदान फोनवर बोला.

व्हिडिओत स्वतःचं चित्र दिसणं बंद करा. ती चौकट उघडी असली की निम्मं लक्ष आपण कसे दिसतोय यावर राहतं.

सत्र रेकॉर्ड करू नका, वहीत शब्दन् शब्द टिपू नका. संपल्यावर तीन ओळी लिहिल्या तरी भागतं.

८. पहिली चार सत्रं

पहिल्या सत्रात माहितीच जास्त घेतली जाते. तुमचं पान वाचून दाखवा. ‘काहीच उपाय सांगितला नाही’ म्हणून लगेच नाराज होऊ नका.

दुसऱ्या-तिसऱ्यापासून उद्दिष्ट ठरायला हवं, आणि ते मोजता यावं. ‘शांत व्हायचंय’ हे मोजता येत नाही. ‘आठवड्यातले दोन दिवस डबा नवऱ्यानं भरायचा आणि मी तो उघडायचा नाही’ हे येतं. तो डबा न उघडता किती अस्वस्थ वाटलं याला शून्य ते दहा आकडा द्या आणि अर्ध्या तासानं पुन्हा द्या. बहुतेकांचा दुसरा आकडा खाली येतो. तो स्वतःच्या अक्षरात दिसला की पुढचा प्रयोग करायला धीर येतो.

या टप्प्यावर नेहमी दिसणाऱ्या चुका अशा. सत्राचा अजेंडा स्वतः लिहून नेणं आणि थेरपिस्टनं दुसरा प्रश्न विचारला की ‘आधी हा मुद्दा संपवू’ म्हणणं. गृहपाठ इतका चोख करणं की त्यातच नवा ताण यावा. बायको, मुलं, सासू यांनी कसं बदलायला हवं यावर तीस मिनिटं घालवणं. आणि घरी येऊन ‘माझ्या थेरपिस्टचंही हेच म्हणणं आहे’ असं ऐकवणं. ही शेवटची चूक सर्वात महागात पडते: जे हत्यार खाली ठेवायला गेलात, त्याला नवीन मूठ बसवून परत आणलंत. सत्रातलं वाक्य घरच्या भांडणात वापरायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा.

९. बदलायचा की टिकायचं?

तिसऱ्या-चौथ्या सत्राला ‘हा माणूस काही कामाचा नाही’ असं वाटू लागणं या स्वभावात अगदी ठरलेलं आहे. कारण तोवर थेरपिस्टनं एखादी गोष्ट तुमच्या मनाविरुद्ध म्हटलेली असते. मनात आलं की पुढचं सत्र रद्द करू नका. त्या सत्रात जाऊन तोंडावर सांगा: ‘गेल्या वेळी तुम्ही असं म्हणालात ते मला पटलं नाही, आणि मला सोडून द्यावंसं वाटतंय.’ त्यावर तो काय करतो ते बघा. शांतपणे ऐकून त्यावर बोलत असेल तर टिका. चिडला, उपदेश सुरू केला किंवा तुम्हालाच दोषी धरलं तर जा.

काही कारणांना मात्र चर्चेची गरज नाही: सत्रात दुसऱ्या क्लायंटची ओळख पटेल असं बोलणं, वारंवार उशिरा येणं किंवा बोलताना फोन बघणं, वैयक्तिक जवळीक साधू पाहणं, मारहाण होत असताना ‘जरा जुळवून घ्या’ असा सल्ला देणं, डॉक्टर नसताना औषध बंद करायला सांगणं. त्याच दिवशी थांबा आणि यादीतल्या दुसऱ्या नावाला मेसेज करा.

आठव्या सत्राच्या आसपास दोघांनी मिळून तीन प्रसंगांचं ते पान पुन्हा काढा. तसेच प्रसंग आता घडले तर काय होतं, हे घरातल्या ज्या माणसानं त्यांची किंमत मोजली होती त्यालाही विचारा. फरक पडला असेल तर सत्रं पंधरा दिवसांनी, मग महिन्यानं करता येतात. काहीच हललं नसेल, झोप उडाली असेल किंवा तपासण्याच्या सवयी वाढल्या असतील, तर थेरपिस्टलाच विचारून मानसोपचारतज्ज्ञाची एक भेट घ्या. ती शक्यतो प्रत्यक्ष घ्या, आणि जाताना ते पान व आकड्यांची वही सोबत न्या.